पडद्यावरची सही आणि कपाटातले कागद

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



गाणी, पाककला आणि मुलांचा फॅन्सी ड्रेस यांच्या मध्ये कुणी ‘नोटरी’ हा विषय ठेवतं का? आपल्या समितीनं ठेवला. त्याला कारण आहे. गेली दोन-तीन वर्षं सोसायटीच्या ऑफिसात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. “मुलगा बाहेर आहे हो. व्हिडिओ कॉलवर सही केली तर नोटरी होईल का?” मी वकिली करते म्हणून तो प्रश्न जिन्यात, भाजीवाल्यापाशी, अगदी हळदीकुंकवालाही माझ्यापर्यंत पोचतो. म्हटलं, एकदा सगळ्यांना मिळून सांगून टाकू.

पंचवीस वर्षांपूर्वी इथं फ्लॅट घेतले तेव्हा निम्म्या लोकांनी ते शनिवार-रविवारसाठी घेतले होते, काहींनी निवृत्तीनंतरच्या हवेसाठी. तेव्हा शाळेत असलेली मुलं आता हिंजवडीत आहेत, बंगळुरूत आहेत, दुबई-टोरंटोला आहेत. शेअर सर्टिफिकेट मात्र लोणावळ्याच्या कपाटात, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. कागद इथं आणि माणूस तिथं, अशी आपल्यातल्या बऱ्याच घरांची परिस्थिती आहे.

उत्तर आधीच देते. आज भारतात नोटरीसमोर व्हिडिओवरून सही करण्याची सोय कायद्यानं दिलेली नाही. आपला नोटरी कायदा १९५२ चा, त्याचे नियम १९५६ चे. त्यात कॅमेरा हा शब्द असण्याची शक्यताच नव्हती, आणि पुढे कुणी तो घातलेला नाही. नोटरीचं रजिस्टर शाईचं असतं. तुमची सही त्या रजिस्टरमध्ये लागते, आणि ती मोबाईलच्या पडद्यातून होत नाही. त्यामुळे “घरबसल्या नोटरी, व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा, शिक्का मारून मिळेल” अशी जाहिरात दिसली तर समजून जा, तिथं तुम्हाला नुसता शिक्का मिळतो.

आता नोटरी नेमकं करतो काय? आपल्याकडे समज असा की नोटरीचा लाल शिक्का बसला म्हणजे आतला मजकूर खरा ठरला. तसं नाही. नोटरी एवढंच सांगतो की हा माणूस माझ्यासमोर आला, मी त्याची ओळख पटवली, त्यानं माझ्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली. आतला मजकूर खोटा असेल तर तो शिक्क्यासकट खोटाच राहतो. म्हणजे नोटरीकडून आपण विकत घेतो ती फक्त ‘समोर असण्याची’ साक्ष. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की पडद्यावर दिसणं म्हणजे ‘समोर’ असणं का?

यावर आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात फार मोठा निकाल झाला आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’, सर्वोच्च न्यायालय, २००३. खटला मुंबईतला, आणि महत्त्वाचे साक्षीदार असलेले डॉक्टर अमेरिकेत. ते भारतात यायला तयार नव्हते, व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष द्यायला तयार होते. मुंबई उच्च न्यायालयानं नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं हो म्हटलं. साक्ष आरोपीच्या ‘समोर’ झाली पाहिजे असं कायदा म्हणतो, तर ते समोर असणं पडद्यावरूनही होऊ शकतं, असं न्यायालयानं मानलं. बघा, फौजदारी खटल्यातली साक्ष पडद्यावर चालते, आणि आपलं साधं शपथपत्र चालत नाही!

पुढे ऐका. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाऊन उभं राहायची सक्ती उरली नाही, आता तर मोबाईलसमोर चेहरा धरला तरी होतं. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं व्हिडिओवरून केवायसी करायला परवानगी दिली. तुम्ही म्हणाल, मग नोटरीनंच काय घोडं मारलंय? माझं मत विचाराल तर कायदा बदलायला हवा, आणि तो बदलेलही. पण एक फरक ध्यानात घ्या. बँकेच्या व्हिडिओत चूक झाली तर खातं गोठवता येतं. पेन्शनचे जास्तीचे पैसे गेले तर वसूल करता येतात. मुखत्यारपत्रावरून फ्लॅट विकला गेला, तो घेणाऱ्यानं पुढे आणखी कुणाला विकला, तर ते परत फिरवायला दिवाणी कोर्टात किती वर्षं जातात हे वडगावच्या कोर्टाच्या आवारात बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा.

ज्यांनी हे सुरू केलं त्यांनी कसं केलं तेही पाहू. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यानं २०११ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१२ पासून तिथले नोटरी थेट व्हिडिओवर काम करू लागले. कोरोनात बाकीच्या राज्यांनी घाईनं तीच वाट धरली, आता बहुतेक राज्यांत ती सोय आहे. टोरंटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे तिथंही ऑगस्ट २०२० पासून चालतं. अमेरिकेतली पद्धत साधारण अशी की तुमचं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर तपासलं जातं, मग तुमच्या जुन्या पत्त्यांवरून, कर्जाच्या नोंदींवरून प्रश्न विचारले जातात, नोटरी इलेक्ट्रॉनिक शिक्का लावतो, आणि अख्ख्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं जपून ठेवतो. हे रेकॉर्डिंग मला फार आवडतं. आपल्याकडे वीस वर्षांनी वाद झाला की नोटरी म्हणतात, “सही माझी आहे, माणूस आठवत नाही.” रेकॉर्डिंग विसरत नाही.

मग टोरंटोतल्या मुलानं तिकडेच व्हिडिओवर नोटरी करून मुखत्यारपत्र इकडे पाठवलं तर? इथं नीट लक्ष द्या, कारण पैसे आणि महिने इथंच वाया जातात. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याचं कलम ३३ म्हणतं की परदेशात राहणाऱ्यानं दस्त सादर करण्यासाठी दिलेलं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीचा अधिकारी यांच्या ‘समोर’ सही केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं असावं. तिकडच्या कायद्यानं पडद्यावरची नोटरी शंभर टक्के वैध असेल. पण दस्त उघडणार आहेत आपले दुय्यम निबंधक, लोणावळ्याचे नाहीतर वडगावचे, आणि त्यांच्यापुढे १९०८ चा ‘समोर’ आहे. त्यांनी शंका काढली तर तिथल्या तिथं तुम्ही काय करणार? खरेदीदार शेजारी बसलेला, त्याचं कर्ज मंजूर झालेलं, आणि मुलगा तिकडे झोपलेला. हा जुगार खेळू नका. मुलाला सांगा, प्रत्यक्ष नोटरीकडे जा नाहीतर आपल्या वकिलातीत जा. अर्धा दिवस जाईल, जाऊ दे.

नोटरी केली की पुढची पायरी ॲपॉस्टिल. हे १९६१ च्या हेग करारातून आलेलं प्रमाणपत्र, ‘हा नोटरी खरा आहे’ असं तिकडचं सरकार सांगतं. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिका आधीपासून त्यात होती, कॅनडा मात्र ११ जानेवारी २०२४ ला आला. त्यामुळे कॅनडातल्या मुलांनी आधीच्या कुणा मित्राचा अनुभव ऐकून जुना रस्ता धरू नये. दुबई-अबुधाबीवाल्यांनी सरळ भारतीय वकिलातीचा मार्ग धरावा.

कागद कुरियरनं घरी आला, आता? पाकिटावरची तारीख जपून ठेवा, पाकीट फेकू नका. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम १८ नुसार परदेशात झालेला दस्त राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. लोक काय करतात, कागद आला म्हणून निर्धास्त होतात, देवघरात ठेवतात, आणि गिऱ्हाईक मिळालं की बाहेर काढतात. तोवर वर्ष उलटलेलं असतं. शुल्क किती, हे मजकुरावर ठरतं. मुलानं वडिलांना नुसतं काम बघायला दिलेलं मुखत्यारपत्र वेगळं, आणि पैसे घेऊन विक्रीचा अधिकार दिलेलं वेगळं. आणि दस्ताच्या दिवशी मुखत्याराला लिहून द्यावं लागतं की अधिकार देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिनं तो रद्द केलेला नाही. ही औपचारिकता समजून डोळे झाकून सही करू नका. खोटं निघालं तर ते तुमच्या गळ्याशी येतं.

आता उलट बाजू, आणि ही आपल्यापैकी फार जणांना माहीत नसते. अधिकार देणारा माणूस भारतातच राहत असेल, समजा बोरिवलीत, तर त्याच कलम ३३ प्रमाणे दस्त सादर करण्याच्या मुखत्यारपत्राला नोटरी पुरत नाही. तो जिथं राहतो तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर ते प्रमाणित करून घ्यावं लागतं. म्हणजे मुंबईच्या नोटरीचा शिक्का घेऊन सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला उतरलेले काका संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. आणि मग सगळे म्हणतात, ऑफिसवाले त्रास देतात!

आजी अंथरुणाला खिळल्यात, त्यांना कसं न्यायचं? ज्या कायद्याला आपण जुनाट म्हणतो त्यानं याचा विचार १९०८ मध्येच करून ठेवलाय. शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना मोठ्या त्रासाशिवाय येता येत नाही, त्यांना हजेरीतून सूट आहे. अधिकारी घरी येऊन खात्री करू शकतो किंवा कमिशन नेमू शकतो. अर्ज करावा लागतो, जादा फी असते, डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. पण आजींना खुर्चीत बसवून, खुर्ची चौघांनी उचलून जिना चढवायची गरज नाही. ही गोष्ट एजंट स्वतःहून सांगत नाहीत.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं म्हणजे मी आज उभी आहे.

परवा एका घरात मला म्हणाले, “बाबांनी सगळे अधिकार मला दिलेत, आता बाबांचं काही झालं तरी काळजी नाही.” थांबा. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१. अधिकार देणारा वारला किंवा त्याचं मानसिक स्वास्थ्य ढळलं, की मुखत्यारपत्र संपलं. वारल्यावर संपतं हे बरेच जणांना ठाऊक असतं. विस्मरणाचा आजार झाल्यावरही ते संपतं, हे कुणाला माहीत नसतं. म्हणजे ज्या दिवसासाठी म्हणून आपण तो कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंड-अमेरिकेत अशा वेळीही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तसं नाही. मग न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, डॉक्टरांचे अहवाल, वारसांची संमती, तारखा. आणि तोवर दवाखान्याचं बिल भरायला फ्लॅट विकायचा तर विकता येत नाही. अशा वेळी कुणीतरी हळूच सुचवतं की बाबांचा अंगठा घेऊ, व्हिडिओवर ‘हो’ म्हणायला लावू. कृपा करून करू नका. बाबांना काय चाललंय ते कळत नाही, याचाच तो व्हिडिओ उद्या पुरावा होईल.

म्हणून नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. बँकेत संयुक्त खातं, फ्लॅटमध्ये आयुष्याच्या जोडीदाराचं नाव आधीच, आणि मृत्युपत्र. हे तिन्ही डोकं शाबूत असताना करायचे उद्योग आहेत, आणि डोकं शाबूत असतं तेव्हा माणूस म्हणतो, “मला काय धाड भरलीय?” आपल्या ज्येष्ठ नागरिक संघानं दर कोजागिरीला दुधाबरोबर हा विषय काढावा असं मला वाटतं.

मृत्युपत्राचं निघालंच आहे तर, त्याला नोटरी लागत नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. लागतात दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आहे किंवा ‘ही माझी सही’ असं तुमच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ज्यांनी तुमच्या समक्ष सही केली आहे. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, म्हणजे पुढे कोर्टात यायला उरतील! मोबाईलवर बोटानं केलेली सही मात्र मृत्युपत्राला चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक दस्तांतून मुद्दाम वगळलंय. इंग्लंडनं कोरोनात साक्षीदारांना व्हिडिओवरून बघायला परवानगी दिली होती, तीही जानेवारी २०२४ अखेर संपली.

भाडेकराराचं झटकन सांगते. “अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं” हे महाराष्ट्रात चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५, करार एका महिन्याचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. गंमत म्हणजे हेच एक काम आज खरोखर घरी बसून होतं. आधार, अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम, आणि ऑनलाइन नोंदणी. मालक आणि भाडेकरूला एकत्र बसावंही लागत नाही. जिथं सरकारनं स्वतः पडद्याची सोय केली आहे तिथं आपण नोटरीकडे धावतो, आणि जिथं सोय नाही तिथं पडदा शोधतो.

आणखी एक, मावळातलं. पवनेच्या बाजूला, कामशेत-कार्ल्याकडे कुणी “दोन गुंठे, नोटरीवर देतो, रजिस्टर नंतर” म्हणालं तर हात जोडा. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ निकालात स्पष्ट सांगितलंय की मुखत्यारपत्रावर, करारावर, मृत्युपत्रावर अशी विक्री करून मालकी जात नाही. नोटरीच्या कागदानं जमीन तुमची होत नाही, फक्त पैसे त्याचे होतात.

तिकडे असलेल्या मुलांच्या कामासाठी आई-वडिलांच्या सह्या लागतात तेव्हाचीही एक सूचना. अमेरिकेतल्या बँकेला तुमची नोटरी केलेली सही हवी असेल तर तिकडच्या ऑनलाइन नोटरीसमोर तुम्ही इथून बसू शकता, पण त्या प्रश्नोत्तरांत बरेचदा अडकता. तिकडची कर्जं नाहीत, पत्ते नाहीत, मग विचारणार काय? वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत वेळ घेऊन जाता येतं, प्रत्येक शिक्क्याला पन्नास डॉलर. सकाळी लवकर निघा, शनिवार-रविवारी तसंही बंद असतं.

शेवटचा मुद्दा समितीसाठी, आणि अध्यक्षांनी रागावू नये. आपल्या ऑफिसातून सभासदांना जे कागद सांगितले जातात त्यात सरसकट ‘नोटराइज्ड’ लिहिलेलं असतं. नॉमिनेशनला नोटरी कशाला? तीन प्रतींत फॉर्म, दोन साक्षीदार, समितीच्या सभेत नोंद, संपलं. ऐंशी वर्षांच्या मावशींना त्यासाठी रिक्षा करून बाजारात पाठवू नये. उलट, जिथं काळजी घ्यायला हवी तिथं आपण ढिले आहोत. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारल्यावर नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, वारस ठरेपर्यंत. तो मालक झाला असं समजून आपण ना-हरकत देत बसतो.

आपल्या इमारतीत बंद फ्लॅट किती आहेत ते वॉचमनला विचारा. मालकाचा चेहरा शेजाऱ्यांनी दहा वर्षांत पाहिलेला नाही. अशा फ्लॅटचं मुखत्यारपत्र घेऊन कुणी अनोळखी माणूस ट्रान्सफरसाठी आला, तर शिक्के मोजत बसू नका. मूळ मालकाला, रजिस्टरमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर, आलेल्या माणसानं दिलेल्या नंबरवर नव्हे, व्हिडिओ कॉल लावा. दोन जुने सभासद शेजारी बसवा. “तुम्ही यांना अधिकार दिलाय का?” एवढंच विचारा, आणि सभेच्या इतिवृत्तात तारखेसकट लिहा. त्यानं नोटरी होत नाही, पण मालकाला कळतं की आपलं घर विकलं जातंय.

दिवाळीत बरीच मुलं येणार आहेत. ज्यांना मुखत्यारपत्र करायचंय त्यांनी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच रजिस्टर ऑफिसची वेळ घ्या, विमानाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊ नका. कच्चा मसुदा मी बघून देईन, ऑफिसात रविवारी दहा ते बारा बसते आहे. येताना इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.

आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केलाय.